खारेपाटण ते विजयदुर्ग, थोडं वाऱ्यावर, थोडं चिखलात

गगनबावड्यात चहाला थांबलो, तर जीपमागच्या होडीभोवती ही गर्दी जमली. चाकांच्या सांगाड्यावर बांधलेली पिवळी होडी, तिच्यात आडवी ठेवलेली डोलकाठी आणि जीपच्या पुढच्या सीटवर डोक्यावर पदर घेऊन बसलेली माझी थोरली बहीण, आक्का. एका म्हाताऱ्यानं होडीच्या पोटावर बोटानं टकटक करून पाहिलं.

"पावणं, कुठं निघालाय ही घिऊन?"

"विजयदुर्गला."

"मग निम्मी वाट गाडीनं आलायसा की. ऱ्हायल्याली बी गाडीनंच जावा."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं दाजी हसले, कारण होडी त्यांची होती आणि चेष्टेची त्यांना सवय झाली होती.

दाजी म्हणजे आक्काचे यजमान. शिरोली एमआयडीसीत त्यांची लहानशी फाउंड्री आहे. घर आणि शेती मात्र शिरोळ तालुक्यात, नदीकाठच्या गावात. माझं जयसिंगपुरात शेतीपंपांचं दुकान. पाण्याशी माझा संबंध ते विहिरीतून वर चढवण्यापुरता. महापुरात गावाला वेढा पडला तेव्हा आक्का आणि दाजी स्वतःच्या गच्चीवर अडकले होते. सुटकेची बोट आली, पण फार उशिरा. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढता काढताच दाजींनी ठरवलं की आपल्या दारात आपली होडी पाहिजे. फाउंड्रीच्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी, प्लायवूड आणि फायबर वापरून त्यांनी ती बांधली. इथवर सगळ्यांना पटत होतं. मग त्यांनी मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघून तिला डोलकाठी आणि तिकोनी शीड लावलं, तलावावर जाऊन वारा धरायला शिकले आणि जेवताना शिडाशिवाय दुसरं काही बोलेनासे झाले. इंजिन लावा म्हटलं तर म्हणायचे, "मग ती होडी कसली, ती मोटरसायकल."

आक्काचं उलटं झालं होतं. महापुरानंतर ती नदीकडं तोंड करून उभीसुद्धा राहत नव्हती. पुराचा विषय निघाला की उठून आत जायची. त्यामुळं दाजींनी खाडीतून समुद्रापर्यंत जायचा बेत सांगितला तेव्हा तिचं उत्तर ऐकून आम्ही दोघंही गार पडलो.

"मी बी येतो," ती म्हणाली. (आमच्या भागात बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात.) "तुमी दोघंच गेलासा तर परत यायचा न्हाईसा. पर आदीच सांगून ठेवतो. मला एकदा जरी भ्या वाटलं, तर माघारी आल्यावर होडी इकायची."

"कबूल," दाजी म्हणाले. म्हणाले खरे, पण नेहमीसारखा त्यांचा हात मिशीवर गेला नाही.

भुईबावड्याचा घाट उतरताना प्रत्येक वळणावर मी मागं बघत होतो. होडी येत होती. खाली उतरलं तशी हवा जड झाली, लाल माती सुरू झाली. खारेपाटणच्या थोडं पुढं, जिथं नदीची खाडी होते, तिथं एका उतारावरून आम्ही होडी पाण्यात ढकलली. आमचा ड्रायव्हर सलीम रिकामा सांगाडा घेऊन रस्त्यानं विजयदुर्गला जाणार होता. निघताना त्यानं आम्हा तिघांच्या अंगावरची नारिंगी जॅकेटं आवळून दिली आणि आक्काला म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी पुढची सीट मोकळीच हाय बघा." आक्कानं त्याला हातानंच वाट दाखवली.

आणि मग शीड वर गेलं. सकाळी जमिनीकडून समुद्राकडं वाहणारा वारा (ह्याला मतलई म्हणतात) पाठीवर होता, ओहोटी लागली होती, आणि ती होडी कसलाही आवाज न करता निघाली. मी आयुष्यभर पंपांच्या घरघरीत काढलेला माणूस. काहीही चालू न करता एवढं वजन पुढं सरकतंय, हे मला खरंच वाटेना. दोन्ही काठांना कांदळवन, म्हणजे खाऱ्या पाण्यात मुळं रोवून उभी राहणारी झाडं. त्यांच्यामागं माडांची टोकं, मध्येच एखादं कौलारू घर. पांढऱ्या डोक्याची तांबूस घार आमच्यावरून खाली येऊन पाणी खरवडून गेली. दाजी सुकाणूचा दांडा काखेत धरून एखाद्या देवळात बसल्यासारखे शांत बसले होते.

आक्का मात्र पाण्याकडं बघतच नव्हती. दोन्ही हातांनी डोलकाठी धरून ती दाजींच्या तोंडाकडं बघत होती. त्यांच्या कपाळावर आठी आली की तिचे हात आवळायचे, गेली की सैल व्हायचे.

"पावणं, या. जरा तुमी धरा," दाजी मला म्हणाले.

सुकाणूचं एक विचित्र आहे. दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं जाते. हे मला समजलं होतं, पटलंही होतं, फक्त हाताला पटलं नव्हतं. वळणावर मी दांडा नको त्या बाजूला दाबला आणि आम्ही सरळ कांदळवनाच्या कडेला चिखलात जाऊन बसलो. शीड उतरवून दाजींनी वल्हं चिखलात रोवलं आणि जोर लावला. वल्ह्याची नुसती काठी हातात आली. पातं खालीच राहिलं. मग ते चिडून होडीतून उतरले आणि मांडीपर्यंत आत गेले.

"अवं, वर या," आक्का म्हणाली.

"यायलोय की."

येत काही नव्हते. उलट जरा खालीच गेले. आम्ही दोघांनी जॅकेट धरून त्यांना ओढलं तेव्हा ते काळ्या चिखलाचा पायजमा घातल्यासारखे होडीत येऊन पडले. आक्का त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग असं हसू लागली की डोलकाठीवरचे तिचे हात सुटले. कितीतरी दिवसांनी मी तिला तसं हसताना पाहत होतो.

ओहोटीनं पाणी आमच्याखालून निघून चाललं होतं. तासाभरात होडी तिरकी होऊन कोरडी पडली. पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर एक बाई वाकून तिसऱ्या (शिंपल्या) वेचत होती. तिनं कमरेवर हात ठेवून आमच्याकडं पाहिलं आणि ओरडली, "खंयसून इलात?"

"कोल्हापूर!"

"होडी घेवन?" तिला हसू आवरेना. "आता भरती येयसर बसा थंयच." (भरती येईपर्यंत बसा तिथंच.)

बसलो. आक्कानं भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी सोडली. उन्हात, तिरक्या होडीत, चिखलानं माखलेल्या दाजींबरोबर केलेल्या त्या जेवणाची चव अजून तोंडात आहे. दुपारनंतर पाणी आलं, आम्ही तरंगलो, पण तोवर वारा फिरून समोरून येऊ लागला होता. विजयदुर्ग आज शक्य नव्हतं. ती बाई तिच्या छोट्या होडक्यातून आली, आमची दोरी घेतली आणि आम्हाला ओढत आपल्या घराखाली घेऊन गेली. तिथं कळलं की तिचं नाव शालिनी आणि तिला सगळे काकी म्हणतात.

काकींनी उकडा भात, तिसऱ्यांचं ओल्या खोबऱ्यातलं कालवण आणि सोलकढी वाढली. दाजींनी पहिल्या घासालाच माझ्या कानात विचारलं, "तिखट न्हाय व्हय ह्यात?" आणि मग तीनदा भात घेतला. आक्कानं काकींना आपला खर्डा दिला. काकींनी बोटभर चाटला, डोळ्यांना पदर लावला आणि पाणी पिऊन पुन्हा बोटभर चाटला.

भांडी घासताना आक्कानं त्यांना विचारलेलं मी ओटीवरून ऐकलं. "तुमास्नी ह्या पाण्याचं भ्या वाटत न्हाय?"

"वाटता मां. रोज वाटता," काकी म्हणाल्या. "म्हणान तर सुकती-भरती बघून जातंय." (म्हणून तर ओहोटी-भरती बघून जाते.)

आक्का तेच भांडं बराच वेळ घासत राहिली.

सकाळी निघताना काकींनी बजावलं की किल्ला दिसला की लगेच डावा काठ धरा, नाहीतर ओहोटी बाहेर ओढून नेईल. दाजींनी मान डोलावली. पण खाडी रुंद होत गेली, पाण्याचा रंग बदलला, वाऱ्यानं शीड टच्च भरलं, आणि शेवटच्या वळणानंतर विजयदुर्गचा तट एकदम पाण्यातून उभा राहिला. काळा, भलामोठा. दाजींनी मोबाइल काढला. एक फोटो, दुसरा फोटो. तट जवळ येत होता आणि आम्ही अजून खाडीच्या मधोमध होतो.

"आता शीड उतरवूया," म्हणून दाजींनी सुकाणू माझ्याकडं दिलं आणि दोरी सोडली. शीड हललं नाही. डोलकाठीच्या टोकाला कप्पीत दोरी अडकली होती. ते उभे राहून झटके देऊ लागले. तेवढ्यात वारा जरा फिरला, शिडाखालचा आडवा बांबू सपकन या बाजूचा त्या बाजूला आला आणि त्यांच्या कोपरावर बसला. ते कळवळून खालीच बसले. "पावणं, डावीकडं! डावीकडं घ्या!"

मी जीव खाऊन दांडा डावीकडं दाबला. होडी उजवीकडं वळली. समोर आता तट नव्हता, काठ नव्हता. नुसतं पाणी आणि आभाळ. होडीखालची लाट लांब आणि जड झाली. इंजिन नाही, वल्हं एकच, आणि शीड आम्हाला सुसाट बाहेर नेत होतं. मी दांडा तसाच डावीकडं दाबून धरला होता.

"सरक, बापू."

आक्का माझ्या शेजारी येऊन बसली होती. डोलकाठी सोडून ती होडीच्या मागच्या टोकापर्यंत कधी सरपटत आली, मला कळलंच नाही. तिनं दांडा माझ्या हातातून घेतला आणि उजवीकडं दाबला. होडीचं नाक डावीकडं, किल्ल्याकडं फिरू लागलं.

"ट्रॉली मागं घेतल्यासारखंच हाय की रं हे," ती म्हणाली. दाजी फाउंड्रीत अडकलेले असताना उसाची ट्रॉली ट्रॅक्टरनं मागं घेऊन शेतात लावायचं काम तिनं वर्षानुवर्षं केलंय. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं. जे माझ्या हाताला दोन दिवसांत जमलं नाही, ते तिच्या हाताला आधीच येत होतं.

धक्क्यावरून कुणीतरी ओरडत होतं, "शिडाची दोरी सैल करा! सैल!" शीड आत-बाहेर करायची ती खालची दोरी मी धरली. मग आक्का हुकूम देऊ लागली. "जरा सोड. जरा धर. आता सोड." शीड फडाफडा वाजत होतं, दाजी एका हातानं उरलेलं वल्हं मारत होते, होडी आडव्या लाटांनी हेलकावत होती, पाणी आत येत होतं. पण तट आता समोर होता. किल्ल्याच्या आतल्या बाजूच्या वळणात शिरलो तशी खालची ओढ कमी झाली, आणि थोड्याच वेळात होडी धक्क्याशेजारच्या वाळूत जाऊन टेकली. मघापासून ओरडणारा मच्छीमार गुडघाभर पाण्यात आला आणि त्यानं आमची दोरी पकडली.

"कोण व्हता सुकाणावर?" त्यानं विचारलं. मी आक्काकडं बोट केलं. त्यानं एकदा तिच्या पदराकडं आणि एकदा अडकलेल्या शिडाकडं पाहिलं आणि मान हलवली.

आक्काची बोटं दांड्यावरून निघत नव्हती. दाजींनीच ती एकेक करून सोडवली.

"लई भ्यालो," ती म्हणाली.

दाजींनी होडीच्या काठावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "बरं. इकूया आपण. शब्द दिलाय."

"कशाला? भ्यालो म्हणून तर नीट चालवली. ह्यो भ्याला न्हवता काल, चिखलात घातली." 'ह्यो' म्हणजे मी. "ती कप्पी आदी बदला. आन वल्ही दोन न्हाय, चार ठेवायची. पुढच्या बारीला मोबाइल माझ्याजवळ द्यायचा."

दाजी होडीकडं तोंड करून उभे राहिले आणि दुखऱ्या हातानंच उगाच दोऱ्या आवरू लागले. बराच वेळ आवरत होते.

दुपारी धक्क्याजवळच्या खाणावळीत तळलेला बांगडा खाल्ला, सलीमनं होडी सांगाड्यावर चढवली आणि आम्ही परत निघालो. घाट चढून वर आलो, गार वारा लागला. दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला तेव्हा आक्का आपण होऊन बोलू लागली. कुणी विचारलं नव्हतं.

"त्या पुराच्या दिशी म्हशींची दावी मीच सोडली," ती काचेबाहेर बघत म्हणाली. "म्हनलं, बांधून मरायची त्यापरीस पोहून जातील. सगळ्या गेल्या. संध्याकाळी बघतो तर थोरली म्हस परत आल्याली. पोहत. जिन्यापाशी लागली, आन एकेक पायरी चढून वर गच्चीत आली. रातभर आमच्यातच हुबी."

महापुरातली तिची ती गच्ची मला ऐकून माहीत होती, ती लोकांकडून. तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मला वाटलं ती हाय तवर आपून बी ऱ्हातोय," आक्का म्हणाली.

"घोरत हुती पर," दाजी मागून म्हणाले.

"ती न्हवं, तुमी घोरत हुता!" आक्का म्हणाली. सलीमला एवढं हसू आलं की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आता दुकानात लोक विचारतात, समुद्र कसा आहे, किल्ला कसा आहे. मला नीट सांगता येत नाही. किल्ल्याकडं बघायची वेळ आली तेव्हा मी शिडाची दोरी धरून आक्काच्या तोंडाकडं बघत होतो. पण म्हैस जिना कशी चढली ते विचारा. ते मी सांगतो, आणि माझ्यापेक्षा चांगलं ऐकायचं असेल तर आक्काकडं जा. ती आता चहा देते आणि बसवून सांगते.