तात्यांच्या खांद्यावर

ओल्या सुंभाचा वास आला की आजही मी दोन पावलं मागं सरते. पन्नासेक वर्षं झाली असतील.

तात्या, माझे धाकटे चुलते, सारोळ्याच्या आमच्या विहिरीत पोरांना पोहायला शिकवायचे. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि रडेल त्याचं डोकं पाण्यात दाबायचं, ही त्यांची रीत. त्या दुपारी त्यांनी न सांगताच माझा भोपळा सोडला. मी किंचाळले.

"गप ए! भ्याली की बुडली!" म्हणत त्यांनी मला खाली दाबलं. हिरव्या अंधारात माझ्या हाताला त्यांचे केस लागले. ते धरून मी वर चढले आणि त्यांच्या खांद्यांवर उभी राहिले. पायांखाली ते धडपडत होते. मग धडपड थांबली. आईनं काठावरून सुंभाचा दोर फेकला, तेव्हा कुठं मी पाय काढले.

त्याच दोराला धरून कसेबसे वर आलेले तात्या पायरीवर बसून कितीतरी वेळ खोकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्याच कमरेला दोर बांधला आणि टोक आईच्या हातात दिलं. "वैनी, तुमी हितंच थांबा. म्या आता कुनाला दाबनार न्हाई."

तात्यांच्या हातांची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. माझ्या पायांची कुणालाच नाही. खाली कोण आहे हे माझ्या पायांना ठाऊक होतं, तरी ते खांद्यांवरून हलले नव्हते.