गचके देऊन, का एकदम?

आमच्या हिंगोलीत बाई जीप चालवताना दिसली की माणसं आधी बाईकडं बघतात, मग मागच्या सीटवरच्या गुरुजींकडं. गुरुजी म्हणजे माझे यजमान. ते गावोगाव पूजा सांगायला जातात आणि त्यांना नेते मी. ही जुनी डिझेल जीप माझ्या दिराची. बदली झाली तेव्हा तो ती आमच्या दारात टाकून गेला. तोवर गुरुजी कुणाच्याही मोटारसायकलवर मागं बसून जायचे. एकदा पोथीसकट चिखलात पडले, तेव्हा मी म्हणलं, बास झालं! सेहेचाळीसाव्या वर्षी गाडी शिकले. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत बैलगाडी फसते, पण चारी चाकांचा गिअर टाकला की माझी जीप तांड्यापर्यंत जाते म्हणजे जातेच. खरं सांगते, त्याआधी मी घराबाहेर पडायचे ते भाजीला, नाहीतर हळदीकुंकवाला.

तर मागच्या दिवाळीनंतर ही जीप रुसली. चालता चालता बंद. कनेरगाव नाक्याजवळ बंद, वसमतच्या रस्त्यावर बंद, एकदा तर वरातीच्या घोड्यापुढंच बंद. पाच मिनिटांनी किल्ली फिरवली की सुरू, जसं काही झालंच नाही.

पहिल्या मेकॅनिकनं गुरुजींना विचारलं, "कशी बंद पडते?"

गुरुजी म्हणाले, "गचके देते."

त्यानं डिझेलचा फिल्टर बदलला. दुसऱ्यानंही गुरुजींनाच विचारलं, गुरुजींनी पुन्हा गचकेच सांगितले. त्यानं टाकी उतरवून धुतली. मी बाजूला उभी. "अहो, गचके नाही," एवढं म्हणते तोवर तो म्हणाला, "काकू, तुमी सावलीत बसा." तळपायाची आग मस्तकात गेली! पण चारचौघांत तमाशा नको म्हणून सावलीत जाऊन बसले. तिथंच चुकलं माझं.

मग पुण्याहून लेकाचा फोन. "आई, विका आता तो डबा. बाबांना छोटी गाडी घेऊ, ड्रायव्हर ठेवू." वाशिमचं गिऱ्हाईकसुद्धा ठरलं, रविवारी येणार. गुरुजी म्हणाले, "तुझीही दगदग वाचेल."

दगदग म्हणे! ड्रायव्हर आला की मी परत ओट्यावर, गाडी कधी येते म्हणून वाट बघत. मला रडूच आलं. ते न्हाणीघरात जाऊन उरकलं. बायको गाडीसाठी रडते म्हणल्यावर हसले असते सगळे.

शुक्रवारी मात्र हट्टानं गाडी कळमनुरी रोडवरच्या एका गॅरेजात नेली. मेकॅनिक तांड्यावरचा, साठीला आलेला. त्याच्या घराची वास्तुशांत गुरुजींनीच केलेली. मी स्टेअरिंगवरून उतरले, ते त्यानं पाहिलं.

"गाडी तुमी चालवता, ताई?"

"व्हय."

"मंग तुमीच सांगा. गचके देऊन बंद पडते, का एकदम?"

"एकदम! किल्ली काढल्यासारखी. खड्ड्यात आदळली की हमखास."

"मंग सगळे डिझेलच काहून पाहून राहिले? डिझेल कमी पडलं तर गाडी खोकते, कण्हते, मंग मरते. एकदम बंद म्हणजे करंटची तकलीफ." तो गुरुजींकडं वळला. "गचके कोण म्हणलं?"

गुरुजींनी उपरणं सारखं केलं. "मी... मागं डोळे मिटून असतो. ही चालवते तेव्हा भीती वाटते. जप करतो."

इतकी वर्षं! आणि मला वाटायचं, मंत्रांची उजळणी चाललीय.

मेकॅनिकनं इंजिन चालू ठेवलं. डिझेलच्या पंपाला एक वायर येते, तिच्यातला करंट गेला की डिझेल बंद, असं त्यानं मला समजावून सांगितलं. दोन वायरींचा एक छोटा बल्ब तिथं लावून माझ्या हातात दिला. "बल्बवर नजर ठेवा." मग वायरींचा जुडगा टोकापासून हलवत, ओढत तो पुढं सरकला. बॅटरीच्या मागं त्याचा हात गेला आणि बल्ब विझला. इंजिनही बंद!

"सापडलं!" मी एवढ्यानं ओरडले की शेजारचा चहावाला बाहेर आला.

त्यानं वरची काळी टेप कापली. एका वायरचं आवरण कुरतडलेलं, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, शाबूत दोनच धागे. खालच्या खोबणीत खोबऱ्याचा वाळका तुकडा, गुळाचे कण आणि उंदराच्या लेंड्या.

मी गुरुजींकडं पाहिलं. दर अमावास्येला ते गाडीची पूजा करायचे आणि खोबरं-गुळाचा नैवेद्य बॅटरीमागं ठेवायचे. सकाळी जागा रिकामी. "बघ, नैवेद्य पावला," असं मला कौतुकानं सांगायचे.

"पावला की!" मी म्हणलं. "गणपती राहिला बाजूला, त्याच्या उंदरालाच जेवू घालून राहिले तुमी." मेकॅनिक हसून हसून चाकाला टेकला. गुरुजीही शेवटी हसले, पण कान लाल.

मेकॅनिकनं खराब तुकडा कापून नवी वायर जोडली, कथलाचा डाग दिला, वरून प्लॅस्टिकची नळी चढवली आणि पत्र्याला घासणार नाही अशी बांधली. येताना मी मुद्दाम एकही खड्डा चुकवला नाही. गाडी एकदाही बंद पडली नाही. गुरुजी मागंच बसले होते. आरशात पाहिलं तर डोळे उघडे, जप मात्र चालू.

रविवारी वाशिमचं गिऱ्हाईक आलं. मी चहा ठेवला, पण कान ओसरीवर. गुरुजी विक्रीला अजून ना हो म्हणाले होते, ना नाही, आणि मीही विचारलं नव्हतं. कपात चहा कमी अन् बशीत जास्त सांडला.

त्या माणसानं जीपला एक फेरी मारली, टायरवर लाथ मारून पाहिली आणि गुरुजींना विचारलं, "कशी चालते हो गाडी?"

गुरुजी म्हणाले, "मला काय विचारता? मला विचारून दोनदा फसलो आम्ही." मग आत तोंड करून हाक मारली, "अगं, बाहेर ये. हे विचारतात, गाडी कशी चालते."

मी तशीच बाहेर आले, ओला हात पदराला पुसत.

"एक नंबर चालते," मी म्हणलं. "म्हणूनच विकायची न्हाई."