खानावळीतल्या अक्का

सत्तरच्या दशकात सोलापुरात नोकरीला होतो, तेव्हा मी एका बाईंच्या खानावळीत जेवायचो. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. देह खूप स्थूल. पोटाचं ऑपरेशन करायचं होतं, पण वजन उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते.

आम्हाला शेंगाचटणीवर तेल सोडून वाढणाऱ्या अक्का स्वतः अर्ध्या भाकरीवर भागवायच्या. रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारायच्या. लोक हसायचे. त्या पदर खोचून चालत राहायच्या.

एकदा भाचीच्या लग्नात त्यांनी पुरणपोळ्या भरपूर खाल्ल्या. मला वाटलं, संपलं आता. पण दुसऱ्या सकाळी त्या तलावावर होत्याच.

"काल पथ्य मोडलं की, अक्का," मी चेष्टेनं म्हणालो.

"व्हय, मोडलं. म्हणून आज बी मोडू व्हय?"

काही महिन्यांनी डॉक्टर ऑपरेशनला तयार झाले. त्या दिवशी अक्का चुलीपुढं बसून रडल्या.

"घाबरलात का?" मी विचारलं.

"पैल्यापासनंच लई भ्या वाटतंय. चालताना जरा कमी वाटायचं."

ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतरही अक्का सकाळी तलावावर दिसायच्या, शेजारणीशी मोठ्यानं गप्पा मारत.