रेंजबाहेरचा मुलगा

ती बाई मला आजही जशीच्या तशी दिसते, कारण तिच्यासारखी तक्रार माझ्या सगळ्या नोकरीत दुसऱ्या कुणी दिली नाही.

माझी नेमणूक तेव्हा वेल्हे भागातल्या एका पोलीस ठाण्यात होती. भातकापणी उरकत आली होती. त्या दिवसांत तिकडच्या ठाण्यात फारशी वर्दळ नसते. बांधाची भांडणं, कुणाची म्हैस कुणाच्या भाताच्या खाचरात शिरली, एवढंच. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आले.

"साहेब, एक मावशी आल्यात. मुलगा बेपत्ता आहे म्हणतात. पण रोज त्याच्याशी फोनवर बोलणं होतं असंही सांगतात. नोंद काय करू?"

मी तिला आत बोलावलं. पासलीच्या पलीकडच्या एका वाडीतली विधवा बाई. साठीच्या आसपासची, अंगानं काटक, एका पायानं लंगडत होती. खुर्ची दिली तरी काठावरच बसली.

"माझा ल्योक फोन उचलतो, साहेब," ती म्हणाली. "पण बोलतो त्यो माझा ल्योक न्हाई."

म्हातारी माणसं मुलांवर रुसली की ठाण्यात येऊन असं काहीबाही बोलतात, हा माझा अनुभव. मी नेहमीचे प्रश्न विचारत गेलो. मुलगा एकुलता एक, लग्न न झालेला. नसरापूरला एकाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. गणपती झाल्यावर एका पहाटे तो कामाला म्हणून घरातून निघाला. संध्याकाळी तिनं फोन केला तेव्हा म्हणाला, गाडी घेऊन गुजरातला आलोय, इथंच बरं काम मिळतंय, थोडे दिवस राहतो. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी फोन करत होती आणि तो रोज उचलत होता.

"मग तो नाही असं कशावरून म्हणता? आवाज वेगळा वाटतो?"

"आवाज बसलाय त्येचा. थंडी बाधली म्हणतो. त्ये सोडा." ती थोडी पुढं झुकली. "माझ्या ल्योकानं जलमात कधी मला 'जेवलीस का' म्हणून इचारलं न्हाई. ह्यो रोज इचारतो."

मला हसू आलं असावं, कारण तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"आन् त्येला म्या दिसते, साहेब."

ठाणे अंमलदारांचं पेन थांबलं.

तिच्या घरात फोनला रेंज नव्हती. वाडीच्या वर एक उघडा कातळ आहे, तिथं चढून गेलं की लागायचा. आदल्या आठवड्यात ओढ्यावर तिचा पाय घसरला होता. त्या संध्याकाळी ती तशीच लंगडत कातळावर गेली, फोन लावला. ती काही बोलायच्या आधीच पलीकडून आवाज आला, "आये, पाय का वढत चालतीस?"

"गुजरातेतनं दिसतं व्हय?" तिनं मला विचारलं.

मी तिच्याकडून नंबर घेतला आणि माझ्या मोबाईलवरून लावला. रिंग गेली. कुणीतरी उचलला. बोललं कुणीच नाही, फक्त श्वास ऐकू येत होता. त्यामागे लांबून धप्, धप् असा एक संथ आवाज येत होता. तो आवाज मी तो सगळा आठवडा येता-जाता रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऐकत होतो. भात झोडपण्याचा आवाज. मी "हॅलो" म्हणताच फोन कट झाला. पुन्हा लावला, तो उचलला नाही.

मिसिंगची तक्रार दाखल करून घेतली. टेम्पोच्या मालकाकडे माणूस पाठवला. मालकानं सांगितलं, गाडी इथंच उभी आहे, तो परस्पर काम सोडून गेला, फोनवर तसं बोलणंही झालं. म्हणजे गाडी घेऊन गुजरातला गेल्याची गोष्ट खोटी होती. मी त्या नंबरच्या कॉलचा तपशील मागवला. तो आल्यावर सायबर शाखेतल्या हवालदारांचा मला फोन आला.

"साहेब, ह्या नंबरवर रोज संध्याकाळी कॉल येतो, उचलला जातो, दोन-चार मिनिटं बोलणंही होतं. पण लोकेशन मिळत नाही. फोन कुठल्याच टॉवरवर नाही."

"बंद आहे?"

"तुम्ही सांगितलेल्या त्या दिवसापासून तो फोन कुठंच चालू झालेला नाही."

"मग उचलतो कोण?"

बेवारस प्रेतांजवळ मी एकट्यानं पहारा दिलेला माणूस आहे. पण त्या क्षणी हातावर काटा आला, हे कबूल करतो.

हवालदारांनी मग समजावलं. मोबाईलच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग म्हणून एक सोय असते. येणारे सगळे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवता येतात, नाहीतर फक्त आपण फोन उचलला नाही तर, किंवा फोन रेंजबाहेर असला तर वळवता येतात. एकदा दुसरा नंबर टाकून ती चालू केली की तिची नोंद कंपनीकडे राहते. मग मूळ फोन बंद असो, फुटलेला असो, कॉल वळत राहतो. ह्या मुलाच्या नंबरवर रेंजबाहेरची सोय चालू होती. सगळे कॉल एका दुसऱ्या नंबरवर जात होते. ते सिम त्याच वाडीतल्या, काही वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसाच्या नावावर होतं. बेपत्ता मुलाचा नंबर लावायचा आणि फोन मेलेल्या माणसाच्या सिमवर वाजायचा, हे ऐकायलाच विचित्र वाटलं. आणि अजून तर मुलगा मेलाय की जिवंत आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्या दुसऱ्या नंबरचं लोकेशन मात्र स्वच्छ येत होतं. मार्गासनीच्या पुढच्या टॉवरचं. कातळावरून म्हातारीचा फोन ज्या टॉवरवर लागायचा, तोच टॉवर. ती गुजरातला म्हणून फोन लावायची आणि तो फिरून तिच्याच वाडीत यायचा.

वाडीत गुपचूप चौकशी केली. सिम ज्याच्या नावावर, त्या मयताचा मुलगा ते वापरत होता. तो बेपत्ता मुलाचा लहानपणापासूनचा जोडीदार. वाडीत सगळे त्याचं कौतुक करत होते. मित्र परगावी गेल्यापासून म्हातारीचं पाणी तोच भरतो, तिचं भातही त्यानंच कापून दिलं.

लगेच उचलून आणावं असं माझ्या हाताखालच्या सगळ्यांचं मत होतं. मी थांबवलं. माणूस आधी घाबरला की तोंड मिटून घेतो. आम्हाला त्याच्याकडून मुलगा कुठं आहे ते हवं होतं. जोडीदार म्हणून जबाब द्यायला ये, असा निरोप धाडला. आणि येताना मावशींना घेऊन ये, त्यांचा पाय दुखतोय, असंही सांगितलं.

तो तिला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन आला. ठाण्याच्या पायऱ्या चढताना त्यानं तिचा दंड धरला होता. "काकी, जपून," म्हणत होता. मी खिडकीतून पाहत होतो.

तिला बाहेरच्या बाकावर महिला शिपायाजवळ बसवलं. त्याला माझ्या खोलीत घेतलं. वय मित्राइतकंच, चेहरा साधा. चहा दिला, तो त्यानं प्याला.

"मित्राचा फोन येतो का तुला?"

"येतो की कवामवा. गुजरातला हाय."

"कुठं गुजरातला?"

"त्ये काय सांगितलं न्हाई, साहेब."

"तुझ्याकडे फोन किती?"

"ह्यो एकच." त्यानं मोठा मोबाईल टेबलावर ठेवला.

मी दार थोडं उघडलं आणि ठरल्याप्रमाणे महिला शिपायाला खूण केली. बाहेर ती म्हातारीला म्हणाली, "मावशी, लावा की मुलाला फोन. साहेबांना बोलायचंय त्याच्याशी."

टेबलावरचा मोबाईल गप्प राहिला. त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात काहीतरी थरथरू लागलं.

तो हलला नाही. फोन थरथरतच राहिला.

"उचल," मी म्हणालो.

मला वाटलं, तो आता पाया पडेल किंवा उठून पळेल. तसं काही झालं नाही. त्यानं खिशातून एक लहानसा बटणांचा फोन काढला, कानाला लावला, मान खाली घातली आणि तोंडावर हात धरला. सवयीच्या कामाला हात जावा तसं ते सगळं झालं. आणि मग तो बोलला. माझ्याशी बोलत होता तो आवाज नव्हता. खोल, बसका, जड जिभेचा, वयानं थोडा मोठा वाटणारा आवाज. समोर तोच माणूस बसलेला आणि त्याच्या तोंडून दुसराच कुणी बोलत होता.

"बोल, आये."

"कुठं हाईस रं?" म्हातारीचा प्रश्न मला दोनदा ऐकू आला. एकदा दारातून आणि लगेच त्या फोनमधून.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मला तेव्हा लबाडी दिसली नाही.

"हितंच हाय, आये," त्याच आवाजात तो म्हणाला. "हितंच हाय."

दार पूर्ण उघडलं. म्हातारी कानाला फोन लावून उंबऱ्यावर उभी होती. त्याच्या हातातला फोन खाली पडला आणि तो लहान मुलासारखा हमसून रडायला लागला, ह्या वेळी स्वतःच्या आवाजात.

पुढचं त्यानं न थांबता सांगितलं. रानडुकरं भात उधळतात म्हणून त्यानं विजेच्या तारेवर आकडा टाकून खाचराभोवती उघडी तार लावली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. मित्र पहाटे नसरापूरला जायला आडवाटेनं खाचरातून निघाला आणि तारेत सापडला. "उजाडल्यावर म्या डुक्कर घावलं का बगाया गेलो, साहेब. त्यो कवाच गार पडला हुता." भीतीनं त्यानं तार गुंडाळली, प्रेत वरच्या घळीत नेऊन दगडांखाली दडपलं आणि मित्राचा मोबाईल धरणाच्या पाण्यात टाकला.

"आणि ते फॉरवर्डिंग?"

"त्ये म्या न्हाई केलं. त्येच्या कंपनीला वाडीत रेंज न्हाई. घरी असला की भाड्याचे फोन बुडायचे, म्हणून त्यानंच माझा ह्यो दुसरा नंबर टाकून ठिवला हुता, ह्येला रेंज घावती. म्या इसरून गेल्तो. मोबाईल पाण्यात टाकून घरी आलो, आन् सांजच्याला ह्यो फोन वाजला. काकीचा नंबर. उचलला तर म्हणाली, पोचलास का रं? म्या व्हय म्हणालो."

एकदा 'व्हय' म्हटल्यावर त्याला ते थांबवता आलं नाही. नंबर बंद पडू नये म्हणून रिचार्जही तोच मारत राहिला. कातळाखालच्या बांधावर बसून तो फोनची वाट बघायचा. वर ती उभी दिसायची. तिचा पाय पाहिला आणि न राहवून विचारून बसला.

पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून दोन पंच घेऊन त्याला घळीकडे नेलं. जागा त्यानं स्वतः दाखवली. दगड काढले, पंचनामा झाला. तार त्याच्या गोठ्यात मिळाली. सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणं अशी कलमं लावली.

त्या दिवसापासून मी बेपत्ता माणसाच्या प्रत्येक प्रकरणात नातेवाइकांना एक जादा प्रश्न विचारू लागलो. शेवटचं बोलणं कधी झालं, हे तर सगळेच विचारतात. मी विचारायचो, बोलणारा तोच होता हे कशावरून? आणि एखादी आई 'काहीतरी वेगळं वाटतंय' म्हणाली, तर पुन्हा कधी हसलो नाही.

पण ह्या प्रकरणानं मला आणखीही काही दाखवलं. त्याला भोरच्या कोर्टात हजर करायला गाडीत बसवत होतो, तेव्हा म्हातारी पुढं आली. शिपाई अडवू लागला, मी त्याला राहू दे म्हणालो. ती शिव्याशाप देईल असं वाटलं होतं. तिनं त्याला एवढंच विचारलं, "जाताना त्यानं हाक मारली का रं?"

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "मारली, काकी. आये म्हणाला."

तो तिथं नव्हताच. घरी झोपला होता, उजाडल्यावर गेला होता, हे त्याच्याच तोंडून मी लिहून घेतलं होतं. म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. इतके दिवस कातळावर उभी राहून ती जो आवाज पारखत होती, त्यातलं खरं-खोटं तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"बरं," ती म्हणाली आणि लंगडत एसटीच्या थांब्याकडे निघाली.

मी गाडीचं दार लावून घेतलं. खोटं पकडणं हे माझं कामच होतं, पण त्या सकाळी ते खोटं मी तिच्यापाशीच राहू दिलं.