पौर्णिमा नावाची काळी-पिवळी

मंगरूळपीरच्या साक्षगंधातून जेवण झाल्याबरोबर निसटायचं, हे उकंडरावांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. साखरपुडा साळ्याच्या मुलाचा, म्हणजे घरचंच कार्य. पण पंगत उठली की बायामाणसं भिंतीला टेकून बसतात आणि कोणाची पोरगी कुठे दिली, कोणाला काय झालं याची उजळणी सुरू होते. ती ऐकायची त्यांची अजिबात तयारी नव्हती. हातात सुपारी पडते न पडते तोच त्यांनी चपला शोधल्या आणि स्टँडचा रस्ता धरला. वाशीमची बस पकडायची, तिथून अनसिंग, आणि घरी गेलं की टीव्ही लावायचा. बघायचा नाही, नुसता लावायचा. घरात कोणीतरी बोलतंय एवढंच त्यांना हवं असायचं.

स्टँडच्या बाहेर कारंजाला जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा लागतात. त्यांच्या मागून जाता जाता त्यांना ती दिसली.

ज्यानं गाडी चालवली आहे त्याला ती ओळखायला नंबर वाचावा लागत नाही. डावं मडगार्ड एका बैलगाडीनं चेपलं होतं, ते तसंच होतं. टायर दुसरे, ताडपत्री नवी, सीटा पार बदललेल्या. उकंडराव पुढे होऊन समोर आले. काचेच्या वरच्या पट्टीवर पिवळी अक्षरं जशीच्या तशी होती : पौर्णिमा.

नऊ वर्षं त्यांनी हे नाव तोंडातून काढलं नव्हतं. विहारातसुद्धा ते बुद्धजयंती म्हणायचे, बुद्धपौर्णिमा नाही. इतका हट्टी माणूस.

उकंडराव हे काही कोणी हौसेनं ठेवायचं नाव नाही. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. आई जुन्या वळणाची. तिनं ह्यांना उकिरड्यावर लोळवलं आणि तेच नाव चिकटवून दिलं. शाळेत मास्तरांसकट सगळे हसले. म्हणून स्वतःला मुलगी झाली तेव्हा ह्यांनी ठरवून टाकलं की हिचं नाव असं ठेवायचं, जे चारचौघांत मोठ्यानं घ्यावंसं वाटेल. ती जन्मली बुद्धपौर्णिमेला, त्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही. पोरगी चौथीत असताना बायको, बेबीताई, काविळीनं गेल्या आणि घरात बापलेक दोघंच उरले. पुढे जीप घेतली तेव्हा पेंटरनं विचारलं, काय लिहू? उकंडरावांनी ‘जय भीम’ खाली लिहायला सांगितलं आणि वर पोरीचं नाव, ठळक.

वाशीम ते अनसिंग ही त्यांची लाइन. पोरगी शाळेच्या ड्रेसात गिअरशेजारी बसायची आणि स्टँडवर खिडकीतून मान काढून “अनसिंग, अनसिंग” ओरडायची. तिच्या वेण्या बाप घालायचा, एक वर आणि एक खाली. लोक गाडीला पौर्णिमाच म्हणायचे. उकंडरावांना त्या दिवसांत कोणी सुखाबद्दल विचारलं असतं, तर त्यांनी हात लांब करून ते गाडीतच दाखवलं असतं.

मग ती नर्सिंग शिकायला गेली आणि तिथे तिनं लग्न केलं. मुलगा हरीओम, दुसऱ्या समाजातला, शेतीवाडीवाल्या घरचा. पण मुलगा वाईट नव्हता, हे उकंडरावांनाही कळत होतं. दुखलं ते वेगळंच. ही बातमी त्यांना स्वतःच्या गाडीत कळली. मागच्या सीटवरचे दोघं आपसात बोलत होते, सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट बोलावी तसे, आणि पुढे बसलेला बाप गाडी चालवत होता. आठ दिवसांनी ती दोघं दारात आली. उकंडराव म्हणाले, “मले पोरगी नाई. इथी पाय ठेवू नोको.” दार लावलं. नंतर किती तरी वेळ ते आतून कडीला हात लावून उभे होते, हे तिला कधीच कळलं नाही.

पण नावाचं काय करणार? रोज सकाळी स्टँडवर गेलं की लोक विचारायचे, पौर्णिमा कितीले सुटते, पौर्णिमात जागा हाय काय? पेंटरला सांगितलं असतं तर अर्ध्या तासात नाव गेलं असतं. ह्या माणसानं तेवढं केलं नाही, अख्खी गाडीच विकून टाकली. मंगरूळपीरच्या फुलचंदनं ती घेतली.

तोच फुलचंद आता चहाचा ग्लास ठेवून धावत आला. त्यानं उकंडरावांना ओळखलं होतं. हाताला धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, गाडी भरेपर्यंत बसा म्हणाला. नाव मुद्दामच ठेवलं, हेही त्यानं सांगून टाकलं. त्याची बायको म्हणाली होती की लेकीचं नाव खरवडू नये. उकंडराव समोर बघत हूं हूं करत राहिले. मग फुलचंद म्हणाला, “काका, तुमची पोरगी आलती.”

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक बाई कारंजाकडून आलेल्या बसमधून उतरली. कडेवर लेकरू. गाडीवरचं नाव वाचलं, आणि हसत हसत थेट पुढच्या सीटवर येऊन बसली. फुलचंद येताच तिचं हसू गेलं. म्हणाली, बाबा कुठी हायत? फुलचंदला काही उमजेना. कोणते बाबा?

“मंग मले विचारते, गाडी कवापासून तुमच्याकडं हाय. म्या सांगतलं. ते बोटावर हिशेब करून राह्यली. मंग म्हणते, नाव तरी ठेवलं ना त्यायनं?” फुलचंद स्टीअरिंगवरची धूळ पुसू लागला. “मले काय मालूम कोण हाय ते. म्या बोलून गेलो, मालकानं तर गाडी देतानाच सांगतलं होतं, पयले हे नाव पुसून टाक. म्याच नाई पुसलं.”

उकंडरावांनी डोळे मिटले. सांगितलंच होतं त्यांनी तसं, किल्ली हातात देताना. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू आला.

तिनं म्हणे लेकराच्या तोंडावर पदर धरला, उतरली आणि आल्या बसनं परत कारंजाला गेली. अनसिंगला जायला निघालेली बाई. ही उकंडरावांचीच लेक, हे फुलचंदला बस गेल्यावर लक्षात आलं.

“मी काई चुकीचं बोललो काय, काका?”

“नाई. खरं तेच सांगतलं तू.” मग उकंडरावांनी विचारलं, “लेकरू काय होतं?”

“पोरगी.”

“नाव काय?”

“नाव नाई विचारलं मी.”

उकंडरावांनी मान हलवली. ह्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष. नात चालायला लागली असेल आतापर्यंत, आणि आजोबाला तिला हाक मारायला नाव नाही. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. फुलचंद खाली उतरला आणि “कारंजा, कारंजा” म्हणून उगाच जोरात ओरडू लागला.

पुन्हा आली तर काय सांगू, असं त्यानं खिडकीतून विचारलं. मी रोज बसकडं पाहतो, म्हणाला, पण ती काही आली नाही. एवढ्यात माणसं चढली, पिशव्या आत आल्या, एका म्हातारीनं उकंडरावांना सरकवून पुढेच बैठक मारली. पलीकडे वाशीमची बस लागली होती. फुलचंद गाडी चालू करताना म्हणाला, “काका, उतरा. तुमची बस निघून राह्यली.”

“जाऊ दे. कारंजापर्यंत येतो.”

फुलचंदनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला. गाव मागे पडलं. म्हातारीला गप्प बसवेना.

“कारंजाले कोण हाय तुमचं, बाप्पा?”

“पोरगी हाय,” उकंडराव म्हणाले. “पौर्णिमा.”

“बरं हाय. माही बी तिथीच देल्ली. तुमची कोण्या भागात राह्यते?”

उकंडराव रस्त्याकडे बघत राहिले. म्हातारीला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. तिनं तेच पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं.