माझ्या करारातल्या बेचाळीस गाई

अकरा वर्षं मी डॉ. गुंडेलाख या नोटरींच्या कचेरीत मसुदे टाइप करते आहे. खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि लग्नाआधीचे करार. तेव्हा लग्नाआधीच्या करारातलं माझ्याइतकं आमच्या जर्मनीतल्या या माइन नदीच्या दोन्ही काठांवर कुणालाच कळत नाही, अशी माझी समजूत होती. ती मनातल्या मनात ठेवावी एवढीही समज मला नव्हती.

कचेरीत येणाऱ्या प्रत्येक नवरीला मी दाराशीच गाठायचे. मसुदा घरी न्या, दोन आठवडे रोज वाचा, स्वतःचा वेगळा वकील बघा, आणि नोटरी वाचून दाखवत असताना मध्येच थांबवायला लाजू नका. आमच्याकडे कायदाच आहे तसा: सह्यांच्या आधी नोटरीने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं मोठ्याने वाचायचं आणि सही करणाऱ्यांनी समोर बसून ऐकायचं. डॉ. गुंडेलाख असे सुसाट वाचतात, की एका नवरदेवाने शेवटी अदबीने विचारलं होतं, "यात आम्ही लग्न करतोय की मोडतोय?"

मग मला लोरेन्झ हुमर भेटला. टेकडीच्या उतारावर साडेतीन हेक्टर द्राक्षमळा, आणि अंगणात वर्षातून दोन हंगाम चालणारी खानावळ. घरची वाइन, सॉसेज, बटाट्याचं सॅलड. या सगळ्यावर त्याच्या आईची, रोसविताबाईंची, हुकमत. बाई विधवा, गुडघ्यांनी बेजार, आणि बोलणं असं, जणू तार करताहेत आणि दर शब्दामागे पैसे पडताहेत. मी पहिल्यांदा रविवारी जेवायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या ताटात बटाट्याचे उंडे वाढले आणि म्हणाल्या, "मळा हुमरांचाच राहणार. लग्नाआधी कागद होईल. रस्सा घे अजून."

दुसरी कुणी असती तर तिचा घास अडकला असता. मी मात्र चमचा खाली ठेवला, मान ताठ केली आणि म्हणाले, "मला त्या मळ्यातलं एक पानसुद्धा नको. कागद मी स्वतः करते." म्हणजे टाळ्यांसाठी जागा सोडून म्हणाले. टाळ्या आल्या नाहीत. रस्सा आला.

डॉ. गुंडेलाख म्हणाले, आपल्याच कचेरीत तुमचा कागद नको, शेजारच्या गावच्या नोटरी ओस्टरटागबाईंकडे जा. आणि मसुदाही त्यांनाच करू द्या, दातांचा डॉक्टर स्वतःची दाढ स्वतः उपटत नाही. मी ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत दाढ उपटायला बसले. एक जुना करार काढला, नावं बदलली, आणि मग माझ्यात औदार्य संचारलं. लग्नानंतर वाढेल त्या मिळकतीतला वाटा: सोडला. वेगळं व्हायची वेळ आली तर पोटगी: सोडली. पेन्शनमधला हिस्सा: तोही सोडला. इतकं सोडलं की वाचणाऱ्याला वाटावं, ही लग्न करते आहे की मठात चालली आहे. रोसविताबाईंनी चष्मा लावून शेवटचं पान तेवढं पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या. मसुदा ओस्टरटागबाईंकडे गेला. मी पुन्हा वाचला नाही. आपणच लिहिलेलं काय वाचायचं?

लग्नाला तीन आठवडे उरले असताना, एका गुरुवारी, आम्ही तिघं ओस्टरटागबाईंसमोर बसलो. दोन कागद होते. आधी रोसविताबाई मळा आणि घर लोरेन्झच्या नावावर करणार, मग आमचा करार.

त्यांचा कागद ऐकताना मी आणि लोरेन्झ टेबलाखाली एकमेकांचे गुडघे ढोसत होतो. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मरेपर्यंत त्यांच्या, त्यातली एक सकाळचं ऊन येणारी. हिवाळ्याचं लाकूड फोडून, जिन्याने वर आणून द्यायचं. आठवड्याला सहा बाटल्या वाइन, चांगल्या पिंपातली. चर्च, डॉक्टर आणि नवऱ्याची कबर इथे गाडीने नेऊन आणायचं. दारासमोरचा बर्फ सकाळी सातच्या आत काढायचा. रोसविताबाईंनी वाचन चार वेळा थांबवलं. एकदा तर "लाकूड" खोडून "वाळलेलं लाकूड" लिहायला लावलं. मी हसू लपवायला खोकले.

मग आमचा. ओस्टरटागबाई सावकाश वाचतात, प्रत्येक शब्द बशीत ठेवून पुढे सरकवावा तसा. मी अनुभवी माणसासारखी मान हलवत होते. आणि त्याच सुरात त्यांनी वाचलं, "बेचाळीस दुभत्या गाई आणि दूध काढण्याचं यंत्र ही नवऱ्याची स्वतंत्र मालमत्ता राहील."

लोरेन्झ म्हणाला, "गाई?"

रोसविताबाई माझ्याकडे वळल्या. "कुठे बांधल्यात?"

जुना करार एका गवळ्याचा होता, हे मी कसंबसं सांगितलं. ओस्टरटागबाईंनी पेन्सिलीने गाई खोडल्या.

"तुम्ही मसुदा वाचला होता ना?"

"मीच लिहिलाय तो."

"ते कळलं. वाचला होता का?"

माझे कान तापले होते, मान हलवायची हिंमत नव्हती, म्हणून नाइलाजाने ऐकू लागले. पुढची वाक्यं मी किमान तीनशे वेळा टाइप केली असतील, पण नेहमी कीबोर्डच्या बाजूने. या खुर्चीवर कधी बसले नव्हते. करारात फ्रीडेरिके श्टाल, म्हणजे माझंच नाव लावणारी कुणी बाई होती आणि ती एकेक करून सगळं सोडत होती. ही कचेरीत आली असती तर मी तिला दाराशी गाठून वेड्यात काढलं असतं.

ओस्टरटागबाईंनी विचारलं, लग्नानंतर नोकरी चालू ठेवणार का. माझ्या आधी लोरेन्झनेच सांगितलं, की नाही, वसंतापासून खानावळ हीच बघेल, आईचे गुडघे साथ देत नाहीत.

"पगारावर?"

तो मनापासून हसला. "पगार कसला? घरचीच तर होणार ती."

हे तो प्रेमाने म्हणाला. पंचाईत तीच होती.

"कलम समजलं?" ओस्टरटागबाईंनी मला विचारलं. हे विचारावंच लागतं, आणि सगळे हो म्हणतात. मी हो म्हटलं, तर वीस वर्षांनी काही बिनसल्यावर त्या अंगणातून नेसत्या ॲप्रननिशी बाहेर. नाही म्हटलं, तर ताटावर केलेलं ते भाषण रोसविताबाईंसमोर गिळायचं, आणि कदाचित लोरेन्झही गमवायचा. मी रोसविताबाईंकडे पाहिलं. त्या पर्समध्ये पेपरमिंटची गोळी शोधत होत्या.

"समजलं," मी म्हणाले, "म्हणून सही नाही करत. मला काही नको असं मी म्हणाले होते, ते खोटं होतं. मळा नकोच. पण खानावळीत काम करेन त्याचा पगार हवा, रीतसर, पेन्शनचा हप्ता भरून. आणि लग्नानंतर दोघं मिळून जे उभं करू, त्यात माझा वाटा."

आवाज इतका चिरका निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही.

लोरेन्झचा चेहरा पडला. "तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"माझा तुझ्या बापावर होता," रोसविताबाई म्हणाल्या. गोळी सापडली होती. "भला माणूस. पेन्शनच्या कचेरीतल्या पोरीने विचारलं, लग्नानंतरची पहिली तेरा वर्षं तुम्ही कुठे काम करत होतात? म्हटलं, कुठे नाही, घरचीच होते. तिच्याकडे तसा रकानाच नव्हता."

त्यांनी गोळी तोंडात टाकली. त्या दिवशी त्यांच्या कागदावर सह्या झाल्या, आमच्या नाही. ओस्टरटागबाईंनी माझा मसुदा बाजूला ठेवला आणि नवीन त्या स्वतः करतील असं बजावून सांगितलं.

परतताना लोरेन्झ गाडी चालवत होता, मी शेजारी, रोसविताबाई मागे. तीन गावं मागे पडली. ऐंशी पाहुणे आणि एक बँड यांना लग्न रद्द झाल्याचं कसं कळवायचं, त्याचा मजकूर मी मनात जुळवायला घेतला. तोही कलमवार. दुसऱ्या कलमापर्यंत पोचले तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "किती?"

"काय किती?"

"पगार."

हावरट दिसू नये म्हणून मी चाचरत सांगितलं, "महिना पंधराशे युरो."

त्याने वळण घेतलं, जरा विचार केला. "चालेल."

"कमी मागितलेस," मागून आवाज आला. "भांडी घासायला ठेवलेल्या बाईला मी याहून जास्त देते."

"आई, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

"मला काय विचारतोस? मळा तुझा झालाय. पगार तू देणार."

तो हसणार नव्हता, पण आरशात आईकडे बघताना हसला.

"बावीसशे," मी म्हणाले, आणि या वेळी चाचरले नाही.