एकशिपीच्या रिकाम्या शिंपल्या

तलंगांपुढे शिंपल्यांचा चुरा ठेवण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते मी करत नव्हतो. एवढीशी गोष्ट मी महिनाभर लपवली. एखाद्याला ती हसण्यावारी नेण्याजोगी वाटेल. मला मात्र ती आज सरळ लिहिता येते आहे, आणि लिहिताना हात जड होत नाही, याचेच मोठे समाधान आहे.

तलंगा म्हणजे अंड्यावर येऊ लागलेल्या तरुण कोंबड्या. आमच्या सहाही तलंगा शेजारच्या काकीने दिलेल्या. काकी सत्तरीची आहे. तिच्याकडे ठिपक्याठिपक्यांची एक म्हातारी कोंबडी होती आणि वाडीतल्या निम्म्या घरांतल्या कोंबड्या तिच्याच वंशाच्या, आमच्या तलंगाही. काकीला वाडीत जो मान होता, तो बराचसा त्या कोंबडीच्या पंखांखालचा होता.

तलंगा देतानाच तिने माझ्या पत्नीला सारे समजावले होते. तुरा तांबडा होऊ लागला, पाठीवर हात ठेवताच कोंबडी दबून बसू लागली, की अंडे जवळ आले असे समजायचे. तोवर शिंपल्या घालायच्या नाहीत, कोवळ्या वयात त्या बाधतात. नंतर मात्र रोज संध्याकाळी द्यायच्या, कारण कवच रात्रीतून चढते. शिंपल्यांचे पीठ करायचे नाही, कण ठेवायचे. आणि ते दाण्यात न मिसळता वेगळ्या करवंटीत. “जिका होयी ती खातली,” काकी म्हणाली होती. “तेंका आपल्यापेक्षा बरा कळता.”

शिंपल्यांना आमच्याकडे तोटा नाही. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या, आमच्या घरी एकशिपी करूनच शिजतात. विळीवर शिंपली उघडायची, मांस एका अर्ध्यात ठेवायचे आणि दुसरे रिकामे अर्धे फेकून द्यायचे. पत्नी ती रिकामी अर्धी धुऊन, कडक उन्हात वाळवून टोपलीत साठवू लागली. कुटण्याचे काम तिने माझ्याकडे दिले.

कुडाळच्या कचेरीतली नोकरी मुदतीआधी सोडून मी नुकताच गावी आलो होतो. पहिल्या संध्याकाळी अंगणातल्या दगडावर शिंपल्या कुटत बसलो. तो आवाज रस्त्यापर्यंत जातो. वाटेने जाणारा माझा जुना शाळासोबती थांबला.

“काय रे सायबा, नोकरी सोडून चुन्याची भट्टी घातलंस काय?”

त्याच्याबरोबरचे दोघे हसले. मीही हसलो. त्याच्या बोलण्यात दंश नव्हता, पण मी तो शोधून काढला. दुसऱ्या दिवशी पत्नी विहिरीवर गेलेली पाहून मी टोपलीतल्या मूठभर शिंपल्या फाटकाजवळच्या चिखलाच्या खड्ड्यात टाकल्या आणि पायाने माती ओढली. संध्याकाळी तिने विचारले, “घातलात मा?”

“घातलंय,” मी म्हणालो. पुढे रोज तेच.

भात पोटरीला आले होते. तलंगा शेतात शिरू नयेत म्हणून जाळीच्या खुराड्यात बंद होत्या. त्यांना बाहेर चरून काही मिळण्याची सोय नव्हती. कण्या, कोंडा, सुक्या मासळीचा चुरा, आणि माझ्या कृपेने रिकामी करवंटी. पहिली काही अंडी बरी आली. मग कवच पातळ होत गेले. एका सकाळी पत्नीच्या तळहातावर नुसत्या पापुद्र्यातले अंडे होते, बोट लावताच दबणारे.

तिने काकीला बोलावले. काकीने एकेक तलंग उचलून चाचपली.

“शिपयो घालतास मा गो?”

“ह्ये घालतत रोज,” पत्नी म्हणाली, आणि दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

तोंडाने बोललेल्या महिनाभराच्या खोट्यापेक्षा ती एक मान मला अधिक जड गेली, कारण काकीने तिच्यावर तत्काळ विश्वास ठेवला. ते मऊ अंडे तिने हातात घेतले.

“मगे खोट माझ्याच कोंबयेची,” ती म्हणाली. “म्हातारी झाली ती. पुढच्या ऐतवारी झील येतलो मुंबयसून, तेवा कापून सागोती करतलंय तिची.”

“काकी, असा काय करतंस?”

“मगे काय करू? वाडयेन माझा नाव घेवन असली अंडी खावची?”

दुसऱ्या दिवशी दाणे टाकताना माझ्याकडून खुराड्याचे दार उघडे राहिले. सहाही तलंगा बाहेर पडल्या. त्या भाताकडे गेल्या नाहीत, सांडलेल्या कण्यांकडेही नाही. थेट फाटकाकडे गेल्या आणि खड्ड्याची माती उकरू लागल्या. एकीच्या चोचीत शिंपलीचा तुकडा होता आणि दुसरी तो हिसकावण्यासाठी तिच्यामागे धावत होती. मी त्यांच्यापासून पुरून ठेवलेले त्या माझ्यासमोर काढून खात होत्या. मी त्यांना हाकलले नाही.

त्या संध्याकाळी मी रस्त्याकडे तोंड करून कुटायला बसलो. शाळासोबती आलाच.

“भट्टी परत चालू झाली वाटता?”

“झाली,” मी म्हणालो. तो आपल्या वाटेने गेला. इतकेच होते ते.

कबुली मात्र मी लगेच दिली नाही. कवच सुधारलेले आधी दाखवू, मग बोलू, अशी मी स्वतःची समजूत घातली. वास्तविक पुराव्याची गरज काकीला नव्हती; मलाच दिवस ढकलायचे होते. चार-पाच दिवसांनी अंडी टणक झाली. “आपसूक बरी झाली,” पत्नी नवलाने म्हणाली, आणि तेव्हाही मी गप्प राहिलो.

रविवारी सकाळी कुंपणापलीकडे पाहिले तर ठिपक्यांची कोंबडी काकीच्या पडवीच्या खांबाला पायाने बांधलेली होती. काकी पाट्यावर वाटप वाटत होती आणि पत्नी तिला नारळ खवून देत होती. खुराड्यातले ताजे अंडे उचलून मी गेलो. अंडे अजून उबदार होते. ते मी पडवीच्या कठड्यावर जरा आपटूनच ठेवले, फुटले नाही.

पुढचे आधी सांगतो. काकीने ओल्या हातानेच कोंबडीच्या पायाची दोरी सोडली. मग माझ्या पत्नीला म्हणाली, “गो, आजपासून माझेय शिपयो ह्येकाच कुटूक दी. हात बसलो हा तेचो.” पत्नी हसली नाही. पण संध्याकाळी तिनेच वाळलेल्या शिंपल्यांची टोपली माझ्यापुढे आणून ठेवली आणि शेजारी बसली. काकीच्या मुलाने त्या दुपारी बांगड्याचे तिखले खाल्ले. कोंबडी अजून आहे, अलीकडे पुन्हा अंड्यांवर खुडूक बसली आहे.

हे सारे नंतरचे. त्याआधी त्या पडवीत उभ्या उभ्या मला बोलावे लागले. 

“काकी, तुझ्या कोंबयेत काय एक खोट नाय. शिपयो मी घालूकच नाय. फाटकाकडच्या खड्ड्यात टाकलंय, आणि तू इचारलंस तेवा खोटी मान हलवलंय. हिकाय रोज फसवलंय. चूक माझी. दोघींनीय माका माफ करा.”